अझुचीचा डोंगर मोकळाच राहू द्या

१/ समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक जोडचित्र फिरते. डावीकडे जपानमधला ओसाकाचा किल्ला: पांढऱ्या भिंती, हिरवी छपरे, सोनेरी नक्षी. उजवीकडे सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर गवतात बुडालेले जोते. खाली तात्पर्य: जपानने इतिहास जपला, महाराष्ट्राने मातीत घातला. या चित्राला भरभरून अंगठे मिळतात. पण त्याच्या डाव्या बाजूला जे दिसते ते जपलेले काहीच नाही. ते नव्याने केलेले आहे.

२/ ओसाकाचा आजचा मनोरा १९३१ साली उभा राहिला, तोही काँक्रीटचा. आत लिफ्ट आहे. तोयोतोमी हिदेयोशीचा मूळ मनोरा १६१५ च्या वेढ्यात जळाला. विजयी तोकुगावांनी ती सगळी जागा मातीखाली गाडून तिच्यावर स्वतःचा किल्ला रचला. त्यांचाही मनोरा १६६५ साली वीज पडून भस्म झाला. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षे तिथे मनोराच नव्हता. १९३१ च्या रचनाकारांनी खालचे मजले तोकुगावांच्या धाटणीचे घेतले, वरचा हिदेयोशीच्या धाटणीचा, आणि हे कलम तोकुगावांच्या दगडी चौथऱ्यावर बसवले. असा किल्ला इतिहासात कधीच नव्हता. हिदेयोशीची खरी तटबंदी खोल जमिनीखाली आहे, हे १९५९ साली उघड झाले. मनोरा आधी आला. तो ज्याचे नाव मिरवतो, त्याचे दगड नंतर सापडले.

३/ न्यायाने एक गोष्ट मान्य करावी लागते. हा काँक्रीटचा मनोरा हिदेयोशीच्या आणि तोकुगावांच्या दोन्ही मनोऱ्यांपेक्षा अधिक काळ टिकला आहे, आणि १९९७ साली त्याची स्वतंत्र वारसावास्तू म्हणून नोंदही झाली. लोकवर्गणीतून तो उभा राहिला आणि त्या वर्गणीतली निम्म्याहून अधिक रक्कम किल्ल्याच्या आवारातील लष्करी मुख्यालयाच्या इमारतीवर खर्च झाली. तो दस्तऐवज आहे खरा, परंतु १९३० च्या दशकातल्या जपानचा.

४/ 'जपानने जपले' हे विधान आकड्यांपुढे टिकत नाही. १६१५ साली तोकुगावा राजवटीने एका प्रांतात एकच किल्ला ठेवण्याचा हुकूम काढला. असंख्य किल्ले सरदारांना स्वतःच्या हातांनी पाडावे लागले. १८७३ साली मेइजी सरकारने उरलेल्यांपैकी बहुतेक किल्ले निकाली काढले. लाकूड विकले गेले, खंदक बुजवले गेले. जे उरले त्यांतले नागोया, ओकायामा, वाकायामा, हिरोशिमा येथील मनोरे १९४५ च्या हवाई हल्ल्यांत गेले. आज संपूर्ण जपानात मूळचे मनोरे उरले आहेत अवघे बारा. हिमेजी, मात्सुमोतो, इनुयामा, हिकोने, मात्सुए हे त्यांतले 'राष्ट्रीय ठेवा' ठरलेले पाच.

५/ बाकीचे पुष्कळसे युद्धोत्तर काँक्रीट आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत नगरपालिकांना शहराचे बोधचिन्ह हवे होते आणि सिमेंट स्वस्त होते. हिरोशिमा १९५८, नागोया १९५९. त्याच १९५९ साली आतामी या उष्ण झऱ्यांच्या गावी एक दिमाखदार 'किल्ला' उभा राहिला. त्या जागी किल्ला कधीच नव्हता. १९६४ साली क्योतोच्या फुशिमी भागात एका मनोरंजन उद्यानाचा भाग म्हणून हिदेयोशीच्या नावाने मनोरा बांधला गेला. उद्यान २००३ साली बंद पडले, मनोरा तसाच उभा आहे. जोडचित्रे बनवणाऱ्यांनी डाव्या बाजूला एकदा हाही लावून पाहावा.

६/ या सगळ्या पार्श्वभूमीवर जपानमधला एक डोंगर वेगळा उठून दिसतो, कारण त्याच्यावर काहीच उभे नाही. बिवा सरोवराच्या पूर्वेस, शिगा प्रांतात, जेमतेम १९९ मीटर उंचीचा. अझुची. आणि गेली कित्येक दशके कुणी ना कुणी म्हणत आले आहे की इथेही मनोरा उभारावा.

७/ अझुचीचे महत्त्व थोडक्यात. १५७६ साली ओदा नोबुनागाने बांधकाम सुरू केले; देखरेख निवा नागाहिदेकडे होती. १५७९ पर्यंत माथ्यावर बाहेरून पाच छपरांचा आणि आतून सात मजल्यांचा मनोरा तयार झाला. जपानी भाषेत अशा मनोऱ्याला 'तेन्शु' म्हणतात. नोबुनागा त्यात राहतही असे, ही गोष्ट पुढच्या काळातल्या किल्ल्यांत क्वचितच आढळते. वरून दुसरा मजला अष्टकोनी होता, सर्वांत वरचा सोन्याने मढवलेला होता, आतली चित्रे कानो एइतोकुने रंगवली होती. जून १५८२ मध्ये क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात नोबुनागाचा अंत झाला आणि थोड्याच दिवसांत हा मनोरा जळाला. म्हणजे जेमतेम तीन वर्षांचे आयुष्य. आग कुणी लावली, यावर आजही एकमत नाही: आकेची मित्सुहिदेच्या माणसांनी, लुटारूंनी की खुद्द नोबुनागाच्या मुलाने. १५८५ साली जवळच हाचिमानला नवा किल्ला उभा राहू लागला आणि अझुची ओस पडली.

८/ आज तिथे जाणाऱ्याला प्रथम दिसतो तो रुंद, सरळ चढत जाणारा दगडी मार्ग. रुंदी सुमारे सहा मीटर. लढाऊ किल्ल्याची वाट वळणांची असते, शत्रूला उघड्यावर आणून गाठणारी. इथे मात्र पायथ्यापासून बराच काळ राजरस्त्यासारखी सरळ रेघ. नोबुनागाला या वाटेने कुणाला आणायचे होते? सम्राटाला, असे काही अभ्यासक म्हणतात. बालेकिल्ल्यात सम्राटाच्या स्वागतासाठी खास दालन होते, असा समकालीन उल्लेख आहे. तेथील पायाच्या दगडांची मांडणी क्योतोच्या राजवाड्यातील एका दालनाशी जुळते, असे मत मांडले गेले, आणि ते खोडूनही काढले गेले. वाद चालू आहे. चालू राहू शकतो, कारण दगड जागेवर आहेत.

(हा मार्गही सगळाच अस्पर्श नाही. १९८९ पासून वीस वर्षे प्रांतिक शासनाने तिथे उत्खनन केले. ढासळलेल्या पायऱ्या व भिंती त्या काळात पुन्हा बसवल्या. जो चिरा जिथे होता तिथे तो ठेवणे आणि नवा मजला चढवणे यांतला फरक मात्र कुणालाही कळावा.)

९/ चढताना पायऱ्यांमध्ये मध्येच बुद्धमूर्ती दिसतात. लहान, झिजलेल्या, पायरीचा दगड म्हणून आडव्या घातलेल्या. शेजारी पाटी असते आणि पाय न ठेवण्याची विनंती. यावरून 'नोबुनागा धर्मद्वेष्टा होता' ही कथा लगेच तयार होते, आणि समाजमाध्यमांवर ती फार चालते. वस्तुतः घाईच्या बांधकामात थडग्यांचे आणि मूर्तींचे दगड वापरण्याची रीत त्या काळी सर्रास होती. ज्याने नोबुनागाला संपवले त्या मित्सुहिदेच्या फुकुचियामा किल्ल्याच्या चौथऱ्यातही स्मारकशिळा ठासून भरलेल्या आहेत. आणि अझुचीच्याच डोंगरावर नोबुनागाने स्वतः सोकेन-जी हे मंदिर वसवले. त्याचा तीन मजली पॅगोडा व द्वारपालांचे दार आजही उभे आहे. किल्ला गेला, मंदिर राहिले, आणि डोंगराची मालकीही आज त्या मंदिराकडेच आहे.

१०/ वाटेच्या दोन्ही बाजूंना सरदारांच्या वाड्यांची जोती आहेत. एकावर हिदेयोशीचे नाव, एकावर माएदा तोशिइएचे. त्या पाट्यांवर नावाआधी एक अक्षर येते: 'देन'. अर्थ, 'परंपरेने सांगितले जाते की'. म्हणजे वाडा हिदेयोशीचा होता, असे ती पाटी म्हणत नाही. लोक तसे सांगत आले, एवढेच म्हणते. एका अक्षराचा हा प्रामाणिकपणा काँक्रीटला परवडत नाही. सात मजली इमारतीच्या छपराला 'असे म्हणतात' हे जोडता येत नाही. खांब इथे होता किंवा नव्हता, काहीतरी एक ठरवावेच लागते.

११/ आणि नेमका तोच प्रश्न अझुचीच्या माथ्यावर पडलेला आहे. १९४० साली मनोऱ्याचा चौथरा साफ केला तेव्हा पायाच्या दगडांची जाळी उघडी पडली: ठरावीक अंतरावर ओळीने दगड. फक्त मधोमध दगड नाही. तिथे खड्डा आहे. त्या खड्ड्याचा अर्थ काय, यावर जपानी वास्तुइतिहासातला एक मोठा वाद उभा राहिला.

१२/ नाइतो आकिरा या अभ्यासकाने १९७० च्या दशकात तोक्योतल्या सेइकादो संग्रहातील एक जुना आराखडा पुढे आणला. कागा संस्थानच्या सुतार घराण्यातून आलेली ती नक्कल अझुचीच्या मनोऱ्याची आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यानुसार मनोऱ्याच्या पोटात अनेक मजले उंच पोकळी होती आणि तिच्या तळाशी, त्या खड्ड्याच्या जागी, बौद्ध स्तूप. कल्पना विलक्षण आहे. मियाकामी शिगेताका याने तिच्यावर कठोर टीका केली: हा आराखडा अझुचीचा नाहीच, पुढच्या काळातल्या कुणाची तरी कल्पना आहे. त्याने स्वतःचा वेगळा मनोरा कागदावर मांडला, पोकळीविना. पुढे इतरांनीही आपापले मांडले. आज पुस्तकांच्या दुकानात गेल्यास अझुचीचे एकमेकांशी न जुळणारे अनेक मनोरे एकाच फळीवर मिळतात.

१३/ मग साधने कोणती? मुख्यतः दोन शब्दचित्रे. एक नोबुनागाच्या सेवेतील ओता ग्यूइचीने लिहिलेले: मजल्यागणिक दालने, खांबांची संख्या, चित्रांचे विषय. दुसरे लुईस फ्रोइस या पोर्तुगीज जेझुइटाचे. हा फ्रोइस १५४८ साली, सोळाव्या वर्षाच्या आसपास, गोव्यात आला. तिथेच शिकला, तिथेच धर्मगुरू झाला, आणि १५६३ साली जपानला पोहोचला. अझुचीचे वर्णन युरोपला कळवणारा माणूस घडला गोव्यात, हे मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१४/ तिसरे साधन असते तर वादच मिटला असता. नोबुनागाने अझुचीचे हुबेहूब चित्र घडीच्या पडद्यांवर काढवून घेतले होते. १५८१ साली ते त्याने जेझुइट निरीक्षक वालिन्यानो याला भेट दिले. चार जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाबरोबर ते पडदे निघाले, वाटेत शिष्टमंडळ गोव्यात थांबले, वालिन्यानो तिथेच राहिला, आणि १५८५ साली पडदे रोममध्ये पोप तेरावा ग्रेगरी याच्यासमोर मांडले गेले. त्यानंतर ते हरवले. आजवर मिळालेले नाहीत.

१५/ उद्या व्हॅटिकनच्या एखाद्या कोठारात ते पडदे सापडले, तर? कागदावरचे सगळे मनोरे दुरुस्त करता येतील. चूक ठरलेला अभ्यासक पुढच्या आवृत्तीत तसे लिहील. पण माथ्यावर सात मजली मनोरा उभारून बसलेले शासन काय करील? तो पाडणार नाही. उलट पडद्यांवरच शंका घेईल.

१६/ पुनर्बांधणीच्या बाजूने सर्वांत जड युक्तिवाद इसे मंदिराचा दिला जातो. इसेचे देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. अलीकडे २०१३ साली बांधले. म्हणून जपानी परंपरेत 'मूळ' म्हणजे लाकूड नव्हे, रूप आणि कौशल्य. १९९४ च्या नारा दस्तऐवजाचाही आधार घेतला जातो; अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीच्या संदर्भात पाहावा, असे तो सांगतो. इसेबद्दल हे सर्व खरे आहे. तिथे एका पिढीचा सुतार पुढच्या पिढीच्या सुताराला जुनी इमारत समोर उभी असताना नवी शिकवतो. अझुचीत ती साखळी १५८२ साली तुटली. तिथले रूप कुणाला ठाऊक नाही, कौशल्य कुणाकडे उतरले नाही. इसेचे नाव घेऊन अझुची बांधणे म्हणजे अखंड चालत आलेल्या गायकीचा दाखला देऊन, कधीही न ऐकलेल्या रागाची बंदिश रचणे. बंदिश सुंदर होईलही. ती नोबुनागाची नसेल.

१७/ सरसकट सगळ्या पुनर्बांधणीला नाक मुरडणे हाही आडमुठेपणाच. एहिमे प्रांतातल्या ओझु किल्ल्याचा मनोरा २००४ साली लाकडात पुन्हा उभा राहिला, पण त्यासाठी मेइजी काळातली छायाचित्रे आणि जुने लाकडी प्रतिरूप हाताशी होते. नागोयाकडे याहून भक्कम सामग्री आहे: १९४५ पूर्वीची तपशीलवार मोजमापे व छायाचित्रे. आणि तरीही नागोयाचे काय झाले ते पाहावे. काँक्रीटचा मनोरा २०१८ पासून बंद आहे. लाकडी मनोऱ्याचा मुहूर्त पुन्हा पुन्हा पुढे गेला. जुन्या दगडी भिंतींच्या सुरक्षेचा प्रश्न आहेच, शिवाय लिफ्ट असावी की नसावी, यावर अपंगांच्या संघटना आणि 'अस्सलपणा'चे कैवारी समोरासमोर आले. २०२३ च्या एका नागरिक सभेत अपंग व्यक्तींना उद्देशून अपमानकारक उद्गार काढले गेले आणि महापालिकेला माफी मागावी लागली. सर्वोत्तम पुरावे असलेल्या जागी ही स्थिती. अझुचीकडे पुरावा म्हणजे एक खड्डा आणि दोन वर्णने.

१८/ दुसरा आक्षेप अधिक माणुसकीचा आहे: सामान्य माणसाला जोत्यांवरून काय कळणार? अभ्यासकांना दगड पुरतात. शाळेच्या सहलीला आलेल्या मुलाला मनोरा दिसला पाहिजे. हे टाळता येणारे म्हणणे नाही. शिवाय सुमारे चारशे उंचसखल पायऱ्या चढून माथा गाठणे वृद्धांना, चाकाच्या खुर्चीवरच्यांना शक्य नाही, ही मोकळ्या डोंगराची खरी उणीव आहे. पण याचे उत्तर माथ्यावर नाही, पायथ्याशी आहे, आणि ते आधीच दिलेले आहे. १९९२ च्या सेव्हिल जागतिक प्रदर्शनातील जपानी दालनासाठी नाइतोच्या मतानुसार मनोऱ्याचे वरचे दोन मजले पूर्ण आकारात बांधले गेले. प्रदर्शनानंतर ते अझुचीला आणले. आज डोंगरापासून थोड्या अंतरावरील संग्रहालयात लाल अष्टकोन आणि सोनेरी माथा जवळून पाहता येतो. ते एका अभ्यासकाचे अनुमान आहे आणि अनुमान म्हणूनच छपराखाली ठेवले आहे. प्रांतिक शासनानेही अलीकडे प्रत्यक्ष बांधकामापेक्षा संगणकीय चित्रणाचा रस्ता धरला. चित्रण चुकले तर बदलता येते, त्याखाली एकही दगड दबत नाही.

१९/ दबणारा दगड ही निव्वळ कल्पना नाही. ग्यूइची एका प्रचंड शिळेची हकीकत सांगतो: 'जा-इशी', सर्पशिळा. दहा हजार माणसांनी तीन दिवस-रात्र खपून ती डोंगरावर ओढली. फ्रोइस अशाच एका शिळेबद्दल लिहितो की ती वाटेत घसरली आणि दीडशेहून अधिक माणसे चिरडून मेली. इतकी मोठी शिळा लपणार कुठे? तरीही ती अद्याप सापडलेली नाही. वीस वर्षांच्या उत्खननात डोंगराचा फार मोठा भाग अस्पर्शच राहिला. २०२३ पासून नवे दीर्घ उत्खनन सुरू झाले आहे. सर्पशिळा चौथऱ्याच्या पोटात आहे, असे काहींना वाटते. तिथेच काँक्रीटचे खांब उतरवायचे?

२०/ आणि मनोरा उभारलाच, तर त्याच्या खिडकीतून काय दिसेल? नोबुनागाच्या काळी डोंगराला तीन बाजूंनी पाणी होते. बिवाचे फाटे पायथ्याशी भिडत, नावा खालपर्यंत येत. विसाव्या शतकात ते फाटे उपसून भातशेती केली गेली. सोनेरी मजल्यावरून आज दिसतील आयताकृती खाचरे. मनोरा परत आणणाऱ्यांपैकी कुणीही सरोवर परत आणण्याची भाषा करीत नाही, कारण तिथे शेतकऱ्यांची पोटे आहेत. म्हणजे भूतकाळातले तेवढेच परत हवे आहे, जे तिकिटाच्या मागच्या बाजूला छापता येते.

२१/ जोडचित्राच्या उजव्या बाजूकडे आता पुन्हा वळता येईल. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग लागली आणि राजवाड्याचे लाकूडकाम जळाले. उरली ती जोती, दगडी आणि बोलकी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत रायगड आहे. वाडा 'जसाच्या तसा' उभारण्याची मागणी अधूनमधून होते आणि जपानचे नाव हटकून घेतले जाते. जसाच्या तसा म्हणजे कोणत्या आराखड्यानुसार, हा प्रश्न मागणी करणाऱ्यांना विचारावा. त्यांनी ओसाकाचे नाव घेतले, तर अझुचीचे नाव पुढे करावे. गडावरचे गवत काढणे, पाणी मुरणाऱ्या भिंती सावरणे, उत्खननाचे अहवाल वेळेवर छापणे, पाटीवर खात्रीचे तेवढेच लिहिणे: ही कामे जपानकडून घेण्यासारखी आहेत, आणि त्यांना सिमेंट फारसे लागत नाही.

२२/ जपानला जाणाऱ्यांसाठी: क्योतोहून बिवा मार्गाच्या रेल्वेने अझुची स्थानकावर उतरावे. आधी संग्रहालयातील सेव्हिलचे मजले पाहावेत, मग डोंगर चढावा. वाटेतले बुद्ध ओलांडताना खाली पाहावे, 'देन' हे अक्षर ओळखता येईपर्यंत पाट्यांपाशी थांबावे. माथ्यावर पायाच्या दगडांच्या ओळी मोजाव्यात आणि मधल्या रिकाम्या जागेपाशी नाइतो व मियाकामी यांच्यापैकी कुणाचे पटते ते ठरवावे. जमले नाही, तर खाली उतरताना पॅगोड्याकडची वाट धरावी. तिथून सरोवराचा जो एक तुकडा उरला आहे, तो दिसतो.